आईचे सहा रुंद फोटो

४ नोव्हेंबर

टिल्ल्या,

माझ्या आईचा तू भोपळा केलास तो केलास, वर फोनही उचलत नाहीस! काल चार वेळा लावला. तीनदा वाजून वाजून गप्प झाला आणि चौथ्यांदा उचलून म्हणतोस काय, "आत्या, व्हिडिओचा एक्स्पोर्ट चालू आहे, नंतर बोलू." तुझा एक्स्पोर्ट संपेपर्यंत माझं आयुष्य संपायचं. म्हणून लिहिते. शाळा चौथीत सुटली असली तरी चार ओळी लिहिता येतात मला. शिवाय पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला ते मधेच तोडता येत नाही.

तू आईच्या फोटोंच्या व्हिडिओचा पेन ड्राइव्ह पाठवलास, सोबत चिठ्ठी की जुन्या फोटोंत कोण कोण आहे ते सांग, खाली नावं टाकायची आहेत. मी दुकान लवकर बंद केलं, शिवणयंत्रावर कापड टाकलं आणि टीव्हीसमोर बसले. शेजारीणही आली, तिला कुठल्याही घरातलं काहीही बघायला आवडतं. पहिलाच फोटो आला आणि ती म्हणाली, "तुमच्या आई चांगल्या अंगानं भरलेल्या होत्या हो."

भरलेल्या! माझी आई! जिचं कापड शिवून उरलेल्या तुकड्यात एक उशीचा अभ्रा निघायचा, ती! बाबा ताडासारखे होते, त्यांचं पिंप झालंय. दादा, म्हणजे तुझा बाप, सायकल धरून उभा आहे तर सायकलची दोन्ही चाकं अंड्यासारखी. असल्या सायकलवर तो शाळेत गेला असता तर आजतागायत पोचला नसता. आणि मी? सतरा वर्षांची मी कपाटासारखी दिसते. दोन दारांच्या.

मी काय नावं सांगू? मला कुणी ओळखूच येईना. डावीकडून तिसरं पोतं म्हणजे मावशी असावी.

अठ्ठावीस डिसेंबरला दादा वृद्धाश्रमात आईच्या नावानं जेवणाची खोली उघडून देणार, तिथं भिंतीएवढ्या पडद्यावर हे लावणार. सगळे नातेवाईक जमणार. त्यांना काय दाखवणार आहात, आमच्या घरात कणग्या जन्माला येतात म्हणून?

नीट कर.

आत्या


९ नोव्हेंबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

एवढं चिडायचं कारण नाही. दोष व्हिडिओचा नाही, तुझ्या टीव्हीचा आहे. काही टीव्ही चित्र ओढून पडदा भरतात. रिमोटवर चित्राचा आकार बदलायचं एक बटण असतं, ते दाबत राहा आणि माणसं नीट दिसली की थांब. माझ्या कॉम्प्युटरवर सगळे व्यवस्थित दिसतात.

नावं तेवढी लवकर पाठव. तीन लग्नांचे व्हिडिओ डोक्यावर आहेत आणि बाबा रोज विचारतात, कुठवर आलं.

आणि आत्या, मी आता एकतीस वर्षांचा आहे. पाकिटावर 'टिल्ल्या' लिहू नकोस, पोस्टमन हसतो.

तुझा भाचा


१३ नोव्हेंबर

टिल्ल्या,

साष्टांग नमस्कार वगैरे घालू नकोस, पाठीत उसण भरेल. फोन उचल, तेवढा नमस्कार पुरे.

बटण दाबलं. सात वेळा दाबलं. एकदा आई आणखी रुंद झाली, एकदा काठीसारखी लांब, एकदा टीव्हीच बंद पडला. मग पेन ड्राइव्ह काढून बातम्या लावल्या. बातम्या वाचणारी बाई जशीच्या तशी, नाकी-डोळी नीटस. म्हणजे माझा टीव्ही साऱ्या जगाला बरोबर दाखवतो आणि फक्त आपल्या घराण्यावर त्याचा राग आहे, असं तुझं म्हणणं?

तीस वर्षं टेप गळ्यात घालून बसले आहे मी. ती काढली. आईबाबांचा तो फोटो माझ्याकडे कागदावर आहे. कागदावर आईचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत सात सेंटिमीटर, आडवा पाच. टीव्हीवर मोजला तर उभा एकवीस आणि आडवा वीस. उभा तिप्पट झाला तर आडवाही तिप्पट व्हायला हवा, म्हणजे पंधरा. बाकीचे पाच सेंटिमीटर तू कुठून आणलेस? मी गिऱ्हाइकाला पाच सेंटिमीटर ढगळ शिवून दिलं आणि वर म्हटलं "दोष तुमच्या आरशाचा आहे", तर ते मला कात्रीसकट दुकानाबाहेर काढतील.

कॉम्प्युटरवर व्यवस्थित दिसतात म्हणे. तू बघितलेस तरी का?

आत्या


२० नोव्हेंबर

आत्या,

तुझी मापं बरोबर आहेत. मान्य. माझंच चुकलं.

जुने फोटो चौकोनाकडे झुकणारे असतात आणि आताचा पडदा लांबट. फोटो पडद्यावर ठेवला की दोन्ही बाजू काळ्या राहतात. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फोटोची उंची आणि रुंदी एकमेकींना बांधलेली असतात, तिथे एक बारीक टिक असते. एक वाढवली की दुसरी आपोआप वाढते. ती टिक काढली की गाठ सुटते आणि फोटो हवा तसा ओढता येतो. सव्वाशे फोटो होते, घाईत होतो. एका फोटोची टिक काढली, ओढून पडदा भरला आणि तेच सगळ्यांना लावून टाकलं. एकदाही नीट बघितलं नाही. खरं सांगायचं तर तुझ्याआधी आईनंच पकडलं. स्वतःचा लग्नातला फोटो बघून ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता टिक पुन्हा लावली आहे. फोटो न ओढता, सगळ्या बाजूंनी सारखा वाढवून पडदा भरला आहे. नवा पेन ड्राइव्ह पाठवतोय.

भाचा


२४ नोव्हेंबर

टिल्ल्या,

वा. आता सगळे सडपातळ आहेत, फक्त डोकी नाहीत.

बाबांचं गळ्यापासून खाली छान आलंय, कोटाची बटणं मोजून घ्यावीत. मावशीच्या फोटोत मावशीची हनुवटी आहे. सायकलची चाकं गोल झाली, अभिनंदन, पण सायकल धरणारा कोण ते देवाला ठाऊक. तुझ्या आईचा लग्नातला फोटो मात्र डोक्यापासून पायापर्यंत शाबूत! ती दोन दिवस बोलली नाही तर तो पहिल्या फटक्यात दुरुस्त. मी गेले वीस दिवस बोलते आहे, ती चूक झाली माझी. मीही गप्प बसायला हवं होतं.

आपल्या घराण्यात डोकी मुळातच कमी, आहेत तेवढी तरी ठेव. कापडाचा पन्हा मोठा आणि कपडा लहान असेल तर बाजूला कापड उरतं. उरू द्यावं. त्यासाठी कुणी गिऱ्हाइकाला ओढून रुंद करत नाही आणि त्याचं मुंडकंही छाटत नाही. एवढं शिकायला तू तीन वर्षं फी भरून कुठल्या कॉलेजात जात होतास?

नावांची यादी सोबत आहे. डोक्यांवरून लिहिली आहे, म्हणजे कागदी फोटोंवरून.

आत्या


१ डिसेंबर

आत्या,

यादी मिळाली. 'डोकी कमी' हे वाक्य बाबांना वाचून दाखवलं नाही.

या वेळी एकेक फोटो हातानं बसवला. सव्वाशे. टिक कुठेही काढलेली नाही. बाजूला काळं उरलं की लोकांना व्हिडिओ अर्धवट वाटतो, म्हणून मागे तोच फोटो मोठा आणि धूसर करून ठेवलाय. सगळे असंच करतात. नावं खालच्या पट्टीत आहेत. बाबांनी पाहिला, त्यांना पसंत आहे. त्यांनी चारपाच जणांना दाखवलाही. आता यात काही काढू नकोस, प्लीज. वृद्धाश्रमवाल्यांना याच महिन्यात द्यायचा आहे.

भाचा


५ डिसेंबर

टिल्ल्या,

काही काढू नकोस म्हणालास म्हणून आधी चांगलं सांगते. बाबा बाबांसारखे दिसतात. मावशी ओळखू आली आणि ओळखू आल्यावर लगेच तिचा रागही आला, म्हणजे बरोबर आहे. मागच्या धुराचं मला कळलं नाही. आई पुढे बसली आहे आणि मागे तीच आई दुप्पट मोठी होऊन धुक्यात उभी. शेजारीण म्हणाली, भूत वाटतं. पण चालेल, सगळे असंच करतात तर करा.

आता ऐक. आईचं लहानपण नीट, लग्न नीट, आम्हा दोघांना कडेवर घेतलेली नीट. आणि मग शेवटी तुमच्या घरचे सहा फोटो येतात. शेवटच्या तीन वर्षांतले, तुमच्या जेवणाच्या टेबलापाशी बसलेली. त्या सहांत मागे धूर नाही. का नाही? कारण ते पडदाभर आहेत. तुमच्या भिंतीवरचं घड्याळ मी ओळखते, ते मीच दिलं होतं, गोल आहे. व्हिडिओत ते बटाट्यासारखं आहे. टेप लावायचीही गरज पडली नाही, पण लावली. उभं बारा, आडवं सोळा.

एकशे एकोणीस फोटो सरळ आणि सहाच ओढलेले! चूक अशी निवडून होत नाही रे. शिवताना एखादी बाही चुकते. पण शंभर कपडे बरोबर आणि एकाच गिऱ्हाइकाचे सहा ढगळ, याला चूक म्हणत नाहीत. कुणीतरी माप सांगितलेलं असतं.

मी आईला शेवटी पाहिलं आहे. गालात खड्डे होते. मनगटातून बांगडी कोपरापर्यंत सरकायची. आणि तुझ्या व्हिडिओत ती गोबऱ्या गालांची, जेवणाच्या टेबलापाशी, तृप्त. जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर! तिथल्या म्हाताऱ्यांना काय सांगायचंय, बघा, मुलाच्या घरी राहिली की आई कशी गुबगुबीत होते?

तूच केलंस ना हे? बापाची मर्जी सांभाळायला? आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तुला झोप लागायची, त्या मांडीचीही शरम वाटली नाही तुला. मला खरं उत्तर पाहिजे.

आत्या


१० डिसेंबर

चि. ताईस आशीर्वाद.

पोराला तू लिहिलेलं पत्र मी वाचलं. त्याला उगाच बोलू नकोस. ते सहा फोटो तसेच ठेव असं मी सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं, दोनदा मी तेच सांगितलं. तो ते दुरुस्त करून बसला होता, मी परत ओढायला लावले.

पहिला व्हिडिओ घरी लावला तेव्हा सगळे हसले. पण ते सहा फोटो आले तेव्हा कुणी हसलं नाही. आई बरी दिसत होती. तुझी वहिनी म्हणाली, शेवटी शेवटी अशी दिसायला हवी होती. मलाही तसंच वाटलं. यात कुणाचं काय बिघडलं? गेलेल्या माणसाला चार लोकांत चांगलं दाखवावं, वाईट दाखवू नये. लग्नाच्या फोटोंत लोक गोरे होतात, तेव्हा तू टेप घेऊन जातेस का?

समारंभाला आश्रमाचे विश्वस्त, बँकेतले माझे जुने सहकारी, सगळे येणार आहेत. हाडं दाखवून काय मिळवायचं आहे तुला? आईचं मी केलं. तीन वर्षं माझ्या घरी होती. तू वर्षातून एकदा येऊन मापं काढायचीस, ती सवय अजून गेलेली नाही.

अठ्ठावीसला वेळेवर ये. पुढच्या रांगेत तुझी खुर्ची आहे.

दादा


१३ डिसेंबर

दादा,

आशीर्वाद पोचला. बँकेतून निवृत्त झालास तरी शिक्का मारल्यासारखं लिहायची सवय गेली नाही.

पोराला मी बोलले ते चुकलं, त्याला सांग. तुला बोलायचं ते त्याला बोलले.

हाडं दाखवून काय मिळवायचं विचारतोस. मीही एक विचारते. ती हाडं वर कशी आली? आजार नव्हता तिला. डॉक्टर म्हणाला होता, काळीज घोड्याचं आहे. कवळी तुटली होती तिची, खालची. आठ महिने कवळीशिवाय होती ती. समोर ताट भरलेलं आणि तोंडात चावायला दात नाही! पाण्यात भिजवून भिजवून किती खाणार माणूस? पातळ खाऊन कंटाळली की म्हणायची, भूक नाही. आणि तुम्ही म्हणायचात, म्हातारपणी भूक कमीच होते. तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर दातांचा दवाखाना आहे. मी बघितलाय, हिरवी पाटी. दोन गल्ल्या, दादा. बँकेत तू रोज सहा किलोमीटर जायचास.

तुम्ही तिला उपाशी ठेवलं असं मी म्हणत नाही. तुमच्या घरात कुणी वाईट नाही. फक्त कुणाला वेळ नव्हता. आणि आता तूच म्हाताऱ्यांसाठी जेवणाची खोली उघडतोस. छान आहे खोली, फरशीचा नमुना पाठवला होतास तो बघितला. तिथं टेबलं किती, पंखे किती, सगळं लिहिलंस. जेवायला बसणाऱ्यांच्या तोंडात दात किती, ते कुणी विचारलं का?

पहिल्यांदा ओढला तेव्हा पोराची चूक होती. दुसऱ्यांदा तू ओढायला लावलास. सहाही फोटो सरळ कर. माझ्या आईला तिच्या मापात दाखव.

ताई


१७ डिसेंबर

आत्या,

बाबांनी तुझं पत्र वाचलं आणि टेबलावर ठेवून फिरायला गेले. दोन तास आले नाहीत. आल्यावर मला म्हणाले, "तिला सगळं सरळ पाहिजे ना, मग सगळं सरळ पाठव." म्हणून पाठवतोय. मला पाठवायचं नव्हतं.

सोबत सहांपैकी चौथा फोटो आहे, कागदावर छापलेला, मूळ आहे तसा. कुठेही ओढलेला नाही, कुठेही कापलेला नाही. त्यात तू आहेस. टेबलापाशी आजी, तिच्या शेजारी तू, वर घड्याळ. तू दोन तासांसाठी आली होतीस तो दिवस. सहाही फोटो मीच काढलेत. "आजी, हस ना," म्हटलं की ती तोंडावर हात धरायची. सहाही फोटोंत हात तोंडावर आहे, ओढलेले असल्यामुळे तो हातसुद्धा गुबगुबीत दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

व्हिडिओत या फोटोवर नावाची पट्टी आहे, त्यामुळे खालचा भाग झाकला गेलाय. कागदावर खाली बघ. तुझ्या उजव्या हातात रुमालाचं एक गाठोडं आहे.

ते गाठोडं आजीनं तुला दिलं तेव्हा मी तिथेच होतो. तू म्हणालीस, "माझ्या दुकानाला लागूनच दातवाला आहे, आठ दिवसांत देते." आजीनं नंतर आम्हाला सांगितलं, ताई नेतेय, तुम्ही कुणी धावपळ करू नका. बाबा नवी करायला निघाले होते. आजीनंच थांबवलं, म्हणाली, एक असताना दुसरी कशाला. बाबांनी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू म्हणालीस, शाळेच्या गणवेशांची घाई आहे.

तू आठ महिने लिहिलंस ते बरोबर आहे. ते आठ महिने कवळी कुठे होती, ते लिहिलं नाहीस.

बाबांचा दोष नाही असं मी म्हणत नाही. माझाही आहे. मी फोटो काढायचो आणि बघायचो नाही. गेल्या महिन्यात एकेक फोटो हातानं बसवताना पहिल्यांदा बघितले. बाबांनी "परत ओढ" म्हटलं तेव्हा मी थोडंसंच भांडलो. मला ते सोपं वाटलं.

आता सांग, काय करू? बाबा म्हणतात, "तिला विचार, आणि ती म्हणेल तसं कर. तिनं तो फोटो बघितल्यावर काय म्हणते, ते मला ऐकायचंय."

भाचा


२१ डिसेंबर

टिल्ल्या,

फोटो मिळाला. दोन दिवस दुकानात टेबलावर पडून आहे. गिऱ्हाइकं विचारतात, कोण? मी सांगते, आई. म्हणतात, फारच बारीक होत्या हो. बरं वाटतं. पहिल्यांदा कुणीतरी बरोबर बोललं.

गाठोडं माझ्याच हातात आहे. रुमाल निळ्या काठाचा, तोही माझ्याच शिवणीतला. लपवत नाही. दादाला लिहिताना लपवलं, ते तू बरोबर पकडलंस. मापं दुसऱ्यांची घ्यायची सवय आहे मला. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, टेप पाठीमागे पोचत नाही.

कवळी शिवणयंत्राच्या खणात होती. बटणांच्या डब्याशेजारी. दातवाला माझ्या दुकानाला लागून आहे हेही खरं. मधे एक भिंत. तो दाढ काढायचा तेव्हा मला माणसाचं ओरडणं ऐकू यायचं. आठ दिवस म्हटलं, मग गणवेश आले, मग लग्नसराई आली, मग खण उघडायचा आणि बंद करायचा, असं झालं. दरवेळी वाटायचं, उद्या. तुझ्या बापासारखंच. आपल्या घरात हे रक्तातच आहे, तूही तसलाच, फोटो काढून बघायचं नाही.

एक तुम्हाला कुणालाच माहीत नाही, ते सांगते. आठ महिन्यांनी दुरुस्त करून पाठवली, ते तुम्ही बघितलंत. पण ती तिला बसली नाही. हिरड्या आटल्या होत्या. आईनं मला फोनवर सांगितलं, "ताई, छान बसली हं. मापात आहे अगदी." मी खूश झाले. मग शेवटी अशक्तपणानं आईला दवाखान्यात ठेवलं, तिथं भेटायला आले तेव्हा बोलताना कवळी तोंडात खुळखुळत होती. आवाज यायचा. मी तीस वर्षं लोकांना कपडे घालून बघायला लावते, "हात वर करा, वाका, बसा, कुठं ओढतंय का?" म्हणून विचारते. आईला विचारलं नाही. ती मला बरं वाटावं म्हणून मापात आहे म्हणाली आणि मी ऐकून घेतलं. दादा तिला पडद्यावर ओढून रुंद करतो तेही त्याला बरं वाटावं म्हणूनच. मी त्याला शहाणपण शिकवायला निघाले होते.

दादाला ऐकायचंय ना, ऐकव. मोठ्यानं वाच.

सहाही फोटो सरळ कर. माझ्यावर मेहेरबानी म्हणून चौथा गाळू नकोस. गाळलास तर घरी येऊन तुझा कॉम्प्युटर उसवीन. त्या फोटोवरची नावाची पट्टी काढ, हात दिसला पाहिजे, गाठोडं दिसलं पाहिजे. नावं काय, तिथं सगळे मला ओळखतात. मागे तो धूर घालू नकोस. बाजूला काळं राहिलं तर राहू दे. अर्धवट वाटलं लोकांना तर वाटू दे.

विश्वस्त विचारतील, बँकेतले विचारतील, तुमच्या आई इतक्या का वाळल्या होत्या? दादाला म्हणावं, गप्प बस, घसा खाकरू नकोस, आजार वगैरे काही बनवू नकोस. मी पुढच्या रांगेत आहे. मी उठून सांगेन, कवळी कुठे होती. त्यानं फक्त दोन गल्ल्यांचं सांगावं, तेवढंच त्याचं. ज्याचं त्यानं आपल्या मापाचं सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. भांडून मला काही नको आहे आता. पण आईच्या अंगावर एक सेंटिमीटरही उसना नको.

आणि तो नाही म्हणाला तर मला आधी कळलं पाहिजे. मी मग पेन ड्राइव्हवरचे ते सहाच्या सहा फोटो मापात आणून कागदावर मोठे करून घेते आणि त्या जेवणाच्या खोलीच्या दारात हातात धरून उभी राहते. आत जाणाऱ्याला तिथून जावंच लागेल, दार एकच आहे, फरशीच्या नमुन्यासोबत नकाशाही पाठवला होता त्यानं. मोठे करायला फोटोवाल्याला एक दिवस लागतो, गाडीला एक दिवस. म्हणून सव्वीस तारखेच्या आत मला उत्तर पाहिजे. फोन नको, "एक्स्पोर्ट चालू आहे" नको. कागदावर पाहिजे, दादाच्या अक्षरात पाहिजे, हो की नाही, एकच शब्द. सव्वीसला दुपारचं टपाल येईपर्यंत मी वाट बघेन.

आत्या